वेगळी बशी

(चव तपासायची खोली. मधे लाकडी आडोसा, त्यात वहीएवढी सरकती खिडकी. एका बाजूला काका, दुसऱ्या बाजूला ती, संशोधिका. डोक्यावर लाल दिवा, बिस्किटांचा रंग कळू नये म्हणून.)

काका: आणि सहाशे ब्याऐंशी नंबरचीच बशी वेगळी. पैज लावून सांगतो. घे लिहून.

संशोधिका: लिहायचं तुम्ही असतं, काका. फॉर्मवर.

काका: लिहिलंय. खाली शेराही दिलाय. ऐक. ‘आधी गोडवा, मग मागून हळूच कडवटपणा येतो, शेजारच्या घरात भांडण चालू असावं आणि आपल्याला नुसता आवाज यावा तसा.’

संशोधिका: छान लिहिलंय.

काका: चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली, दुसऱ्यांच्या चुका काढल्या. म्हातारपणी तुझ्यामुळे स्वतःचं वाक्य लिहायला मिळालं. तुझ्या मॅडमना आवडतात ना माझे शेरे?

संशोधिका: आवडतात. तीन शेरे प्रबंधातही घेतलेत.

काका: बघ! तेल गाळून उरलेली सूर्यफुलाची पेंड. गुरांपुढे टाकायची वस्तू, आणि तू तिची बिस्किटं करून माणसांना खायला घालणार. त्याला अशीच भाषा लागते. बाकीची पोरं तुला पेंडबाई म्हणतात ते काय उगाच? बरं, बशा घे. जेवलीस का?

संशोधिका: काका, आज तिन्ही बशांत एकच बिस्किट होतं.

काका: म्हणजे?

संशोधिका: दर वेळी दोन बशा सारख्या आणि एक वेगळी असते. आज तिन्हींतली बिस्किटं एकाच घाण्यातली. सकाळी मीच भाजली. पेंडीचा कणही नाही त्यांत, नुसता मैदा.

काका: सहाशे ब्याऐंशी जरा जास्त भाजलं गेलं असेल.

संशोधिका: काका.

काका: कडेचं असेल गं. भट्टीत कडेचं नेहमीच...

संशोधिका: ही बाटली घ्या. झाकण काढा. कसला वास येतोय?

काका: मंद आहे. फुलासारखा. गुलाबाच्या जवळपासचं काहीतरी.

संशोधिका: कॉफी आहे. आत्ता दळलेली.

काका: तो लाल दिवा बंद करतेस का? डोळ्यांवर येतो.

संशोधिका: केला. कधीपासून हे असं?

काका: वर्ष होत आलं. तू निवड केलीस तेव्हा चांगला होतो हं मी, दहांत दहा दिले होतेस. मग तो ताप आला. पंधरा दिवसांनी उठलो, तर सगळं धुऊन पुसून ठेवलेलं. साबणाला वास नाही, रॉकेलला नाही, माझ्या उशीलाही नाही. जिभेला गोड-खारट तेवढं कळतं, कडू-आंबट नाही. म्हटलं, येईल परत. तुझ्या चाचण्या सुरू व्हायच्या होत्या, तोवर येईल.

संशोधिका: मग हे शेरे कुठून आले?

काका: ते हिचे. तुझ्या काकूचे. ती कशाला नाव ठेवल्याशिवाय घास गिळायची नाही. ‘या चहाला बंद कपाटाचा वास आहे’ म्हणायची. मी वैतागायचो, म्हणायचो, गप गिळ की. आता ती नाही, तर एकेक वाक्य आठवतो आणि तुझ्या फॉर्मवर उतरवतो. उभ्या जन्मात दुसऱ्याचं वाक्य चोरलं नव्हतं.

संशोधिका: म्हणजे माझ्या प्रबंधातली ती तीन वाक्यं...

काका: दोन तिची. ‘जुन्या वहीच्या पुठ्ठ्यासारखं’ ते माझं. म्हणून तर जरा कमी जमलंय.

संशोधिका: मला सांगायचं होतंत, काका.

काका: दर मंगळवारी ठरवून यायचो. पण घोडं पेंड खायचं ते इथे, या खिडकीशी. सांगितलं की मंगळवार गेला. आठवडाभर मला कोणी काही विचारत नाही गं. वाणी विचारतो ‘किती देऊ’, तेवढंच. तुझ्या फॉर्मवर छापलेलं असतं, ‘तुम्हाला काय वाटलं?’ चाळीस वर्षांत इतकं बरं वाक्य वाचलं नव्हतं मी.

संशोधिका: मला माहीत होतं.

काका: काय माहीत होतं?

संशोधिका: चार महिन्यांपूर्वी तुमची उत्तरं वेगळी काढून बघितली. अठरांपैकी सहा बरोबर. काल पुन्हा मोजली, छत्तिसांपैकी बारा. तिनात एक. डोळे मिटून बोट ठेवलं तरी तेवढी येतातच. अधूनमधून सगळ्यांची वासाची परीक्षा घ्यावी लागते. बाकीच्या सात चाखणाऱ्यांची घेतली. तुमच्या नावापुढे मी नुसती खूण केली.

काका: अगं, का?

संशोधिका: तुम्ही ‘जेवलीस का’ विचारता म्हणून. हसू नका. एका सोमवारी रात्री आठवून बघितलं, दोन दिवसांत मी कोणाशी काय बोलले. ‘हो मॅडम’ आणि ‘भट्टी रिकामी आहे का’. बास. माझ्या बरोबरीचे सगळे पदवी घेऊन गेले. नवीन पोरं मला ताई म्हणतात आणि वाट सोडून उभी राहतात. मला फार एकटं वाटतं इथे, काका.

काका: वेडी आहेस. दोघंही वेडे.

संशोधिका: तेवढंच असतं तर चाललं असतं. पण तुम्ही राहिलात की माझं बिस्किट पास होतं.

काका: ते कसं?

संशोधिका: मला दाखवायचंय की पेंड घातली तरी खाणाऱ्याला फरक कळत नाही. तुमची उत्तरं धरली तर तसं दिसतं, अगदी काठावर. तुम्हाला वगळलं की बाकीच्या सातांना फरक कळतोय हे उघड होतं. माझा सगळा निष्कर्ष तुमच्या अंदाजपंचेवर उभा आहे.

काका: अरे देवा. आणि शुक्रवारी तुझ्या मॅडम सही करणार.

संशोधिका: हो.

काका: मग आज हे उकरून कशाला काढलंस?

संशोधिका: काल पेंडीचं एक बिस्किट खाल्लं. काम म्हणून नाही, भूक लागली होती म्हणून. कडू आहे, काका. चांगलंच कडू. ज्यांना पोटभर मिळत नाही त्यांच्यासाठी मी हे करतेय, आणि ते पहिल्या घासाला थुंकतील.

काका: वगळलंस तर किती लांबेल?

संशोधिका: वर्ष. कडवटपणा काढायची रीत नव्याने बसवायची, तुमच्या जागी माणूस शोधायचा, मग पुन्हा छत्तीस मंगळवार. आईला सांगून बसलेय की शुक्रवारी संपलं. तिने माझी खोली झाडून चादर बदलून ठेवलीय. थोरली बहीण म्हणते, बिस्किटंच करतेस ना, ती तर दुकानात मिळतात.

काका: राहू दे मग. ऐक माझं. कोणाला कळणार आहे? मी कोणाला सांगणार नाही. मला सांगायला आहेच कोण?

संशोधिका: छापखान्यात यंत्र सुरू झाल्यावर चूक दिसली तर काय करायचात?

काका: थांबवायचो. मालकाच्या शिव्या खायचो.

संशोधिका: दर वेळी?

काका: एकदा नाही थांबवलं. गणिताचं पुस्तक होतं. मागच्या उत्तरांत एक शून्य राहिलं होतं. घरात लग्नाची गडबड होती, म्हटलं एका शून्याने काय होतंय. बारा हजार प्रती गेल्या. मग पुतण्या तेच गणित घेऊन आला. त्याचं उत्तर बरोबर होतं आणि पोरगं रडत होतं, माझंच चुकलं म्हणून. मी त्यालाही खरं सांगितलं नाही.

संशोधिका: हं.

काका: आण तो फॉर्म. चाचणीतून नाव काढून घ्यायचा असेलच की एखादा.

संशोधिका: आहे. पण तुम्ही घरी विचार करा, सावकाश...

काका: घरी भिंतींशी विचार करू? आण. ‘कारण’ म्हणून काय लिहितात?

संशोधिका: ‘वैयक्तिक’ लिहितात सगळे.

काका: ‘वास येत नाही.’ झालं. यात वैयक्तिक काय? तारीख?

संशोधिका: आजची.

काका: आजची घातली तर मागची छत्तीस तशीच राहतील. ताप आला त्या दिवसाची घालतो. सगळंच बाद. आणि काकूची दोन वाक्यं काढून टाक.

संशोधिका: तुमचं?

काका: माझंही. पुठ्ठा काय, कोणीही लिहील. घे, सही केली.

संशोधिका: काका, वासाशिवाय घरी कसं निभावता?

काका: निभतं. गॅसची नळी सारखी बदलतो. शर्ट एकदा घातला की धुतो. अंगाला वास येत असला तर आपल्याला काय कळणार? चारचौघांत जरा लांबच उभा राहतो. दुधाचं तेवढं अवघड. मागे एकदा नासकं प्यायलो, दोन दिवस पडून होतो. आता शेजारचं दार वाजवून ‘जरा आमच्या दुधाचा वास घेता का’ असं कुठल्या तोंडाने म्हणायचं?

संशोधिका: पिशवीत काय आहे तुमच्या?

काका: दूधच. कालची बाटली. म्हटलं वाटेत कोणी ओळखीचं भेटलं तर विचारू.

संशोधिका: भेटलं?

काका: नाही.

संशोधिका: द्या इकडे.

काका: खिडकीतून तुझ्या बाजूला काही द्यायचं नसतं. नियम तुझाच.

संशोधिका: तुम्ही आता चाचणीत नाही. द्या.

काका: घे. झाकण घट्ट आहे, फिरवून काढ. काय म्हणतंय?

संशोधिका: चांगलं आहे. पण आजच संपवा.

काका: बरं. आणि उद्या दुसरं आणलं तर? उद्या बुधवार.

संशोधिका: आणा की. मी आता वर्षभर इथेच आहे.