पितळी डब्यातील बासष्ट नाण्यांबाबत

जबाब देणार: श्रीमती अलकनंदा श्यामकांत दिघे, वय ७३ वर्षे, केंद्र सरकारच्या सेवेतून निवृत्त सेक्शन ऑफिसर, राहणार टॉवर सी, चौदावा मजला, गुरुग्राम.

मी स्वतःच्या पायांनी ठाण्यात येऊन लिहून देते की, सोबत राहणारा माझा मुलगा साकेत याने आज सकाळी दिलेली चोरीची तक्रार खोटी नाही, पण चुकीची आहे. इथला जबाब हिंदीत लिहितात हे मला ठाऊक आहे. तर्जुमा खाली मीच करून देते. चौतीस वर्षे दुसऱ्यांचे मसुदे दुरुस्त केले, माझा कोणी करू नये.

माझे यजमान कै. श्यामकांत दर गुरुपुष्यामृताला दोन ग्रॅमचे एक सोन्याचे नाणे आणत. ते गेल्यावर मी आणू लागले. आजवर बासष्ट झाली. ती माझ्या कपाटात पितळी डब्यात असत. दिवाळीनंतर साकेतने ती बँकेच्या लॉकरमध्ये ठेवण्याचे ठरवले. लॉकर त्याच्या नावावर आहे. म्हणजे माझ्याच वस्तूला भेटायला मला त्याची रजा बघावी लागली असती.

फेब्रुवारीत मी न्हाणीघरात घसरले. हाड मोडले नाही, पण साकेतने माझे बाहेर फिरणे बंद केले. "आई, बाल्कनीत चल ना, हवा तीच आहे," असे तो म्हणाला. बाल्कनी चार पावलांची आहे. मी मान डोलावली. मान डोलावणे म्हणजे मंजुरी नव्हे, हे सरकारी माणसाला कळते, खाजगी कंपनीतल्याला कळत नाही.

आमच्याकडे घरकामाला द्वारका येते. मूळची जालन्याची, नवरा मानेसरला गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात आहे. मार्चपासून ती पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी लिफ्टपाशी येते आणि मला फिरायला नेते. सोसायटीला तीन फेऱ्या, मग बाकावर वीस उठाबशा. सोळाव्याला मी रडगाणे लावते. ती म्हणते, "मावशी, चार ऱ्हायल्या. बसल्यावर उठायचं आपलं आपनच." असे मला दुसरे कोणी सांगत नाही. बाकीचे सगळे हात धरायला धावतात.

सून रुचिरा हिने सत्तराव्या वाढदिवसाला मला पायांना बांधायची वजने दिली होती. त्यांत वाळू असते. वाळू फुकट का वाहायची, असे मला वाटले. म्हणून काही वाळू काढून मी प्रत्येक पायात एकतीस नाणी भरली. शिवण द्वारकेने घातली आणि कोणाला सांगणार नाही अशी माझ्यासमोर शपथ घेतली. सोने पायांत घालू नये हे मला माहीत आहे. पण लक्ष्मी चंचल असते म्हणतात, मी तिला फक्त फिरवून आणते. शिवाय त्या समजुतीमुळेच तिथे कोणी पाहिले नाही.

काल, सोमवारी संध्याकाळी, नाणी लॉकरमध्ये न्यायची म्हणून रुचिराने डबा उघडला. तो रिकामा होता. साकेतने मला विचारले, "आई, तुला काही माहितीये?" मी नाही म्हणाले. खरे सांगितले असते तर नाणी लॉकरमध्ये आणि मी बाल्कनीत. दोन दिवसांत विसरतील, असा माझा अंदाज होता. आज सकाळी साडेनऊला पोलीस द्वारकेला घेऊन गेले, तेव्हाही मी स्वयंपाकघरात उभी राहून चहा गाळत होते. मला स्वतःची लाज वाटते. हे वाक्य तर्जुम्यातही ठेवावे.

बारा वाजता रुचिरा माझ्या खोलीत आली. म्हणाली, "आई, साकेतचा फोन होता. सीसीटीव्हीत द्वारकाबरोबर कोणीतरी दिसतंय, रोज पहाटे. मंकी कॅप, ट्रॅकसूट. पोलीस म्हणतात साथीदार आहे. तुम्ही दार लावून बसा." तिच्याकडून कळले की साकेतने फुटेज पाहून पोलिसांना सांगितले होते, "ये मेरी माँ नहीं हो सकतीं, वो इतना तेज़ चल ही नहीं सकतीं." ऐकून मला आनंद झाला. त्याचीही लाज वाटते, पण कमी.

मी वजने बांधली, मंकी कॅप घातली आणि निघाले. घरापासून ठाणे सव्वादोन किलोमीटर. एकतीस मिनिटे लागली. द्वारका भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. तीन तासांहून अधिक वेळ तिला नाणी कुठे आहेत हे विचारत होते आणि तिने सांगितले नव्हते. उपनिरीक्षक दहिया यांच्या टेबलावर मी पाय ठेवला, कारण मला उभ्याने वाकून वजने सोडता येत नाहीत. ते हरियाणवीत म्हणाले, "माताजी, यो के सै?", म्हणजे हे काय आहे. मी कात्री मागितली. वाळू त्यांच्या फायलीवर सांडली, त्याबद्दल दिलगीर आहे. मोजून बासष्ट नाणी भरली.

ठाण्यातच असलेला साकेत "तू चालत आलीस?" एवढेच दोनदा म्हणाला. मग मी सांगितल्यावर त्याने द्वारकेची माफी मागितली. चोरी झालेली नसल्याने नाणी मुद्देमाल म्हणून जमा करता येणार नाहीत. द्वारकेचे नाव सर्व कागदांवरून काढावे आणि तिला बसायला खुर्ची द्यावी, अशी विनंती आहे. खुर्ची आत्ता मिळाली.

वरील मजकूर मी सर्वांसमोर मोठ्याने वाचला. फेऱ्या तीन नसून अडीच होतात, अशी दुरुस्ती द्वारकेने सुचवली, ती मान्य आहे. बाकी बरोबर आहे असे ती म्हणाली. मी माफी मागितली. उद्या येशील का, असे विचारले. ती खुर्चीवरून उठली, आपली आपणच.

पाच वाजून दहा मिनिटांनी मी लिफ्टपाशी उभी असेन.

सही/-
अलकनंदा श्यामकांत दिघे