दोर कशाला बांधायचा?

स्कूटरचं पंक्चर निघेपर्यंत मास्तरीणबाई गॅरेजच्या बाकावर टेकल्या. शेजारी एक नवरा-बायको बसले होते आणि समोर बंपर काढलेली त्यांची छोटी गाडी उभी होती.

“अहो, हे काय लावून घेताय गाडीला?”

“विंच. मोटरवर फिरणारं रीळ आणि त्याला पोलादी दोर. गाडी चिखलात रुतली, की आपली आपण बाहेर येते.”

“आपण डोंगरदऱ्यांत फिरतो, हे मला कुणी सांगितलंच नाही.”

“चेष्टा पुरे. गल्लीच्या तोंडाशी त्या खड्ड्यात तीनदा रुतली की नाही?”

“रुतली की. तिन्ही वेळा मीच ढकलली. तुम्ही आत बसून ‘जोर लाव’ म्हणत होतात.”

“म्हणूनच तर! अगं, तुझ्यासाठीच चाललाय हा खटाटोप.”

“धन्य झाले.”

गाडीखालून मिस्त्रीने डोकं बाहेर काढलं. “साहेब, विंच चासीला पक्की बसवलीय. फक्त दोर अडकवायला समोर काहीतरी भक्कम लागेल हं.”

“त्यात काय, झाडाला बांधायचा.”

“कुठल्या झाडाला, अहो?”

“ते नाही का, खड्ड्यासमोरचं... मोठं...”

“गाडीवर पानं पडतात म्हणून गेल्या महिन्यात अर्ज करकरून तुम्ही तोडायला लावलंत, ते?”

मिस्त्री पुन्हा गाडीखाली गेला. मास्तरीणबाईंनी तोंडाला रुमाल लावला.

नवरा म्हणाला, “मग आता?”

“आता काय! बांधा माझ्या कमरेला. बावीस वर्षांच्या संसारात जागची हलले नाही, आता काय हलणार?”