डब्यातले आबा

टोकावड्याच्या एसटीसाठी मुरबाड स्टँडवर उभ्या असलेल्या रंजिताने कान मुद्दाम लावला नव्हता, पण पुढच्या दोघींचे आवाजच खणखणीत होते. पूजाच्या हातात पत्र्याचा डबा, शेजारीण ठकीच्या हातात पिशवी. पूजा सांगत होती,

"पोराच्या वर्गात नाताळची पार्टी, नाच पण. घरचं पीठ-तूप बेकरीत नेलं, चाळीस सांताक्लॉज बिस्किटं भाजून आणली. लाल टोपी, साखरेची दाढी लावली."

"मग?"

"भट्टीत नाकं पसरली गो. सगळे आमचे आबा दिसाय लागले."

"तुझा सासरा? गेल्या साली वारला तो?"

"तेच. चाळीस आबा. सासूनं बघितलं नि डोक्यावर पदरच घेतला. म्हणाली, यांची काय तरी इच्छा राहिली. एक कौलावर ठेव."

"कावळा शिवला?"

"तासभर नाय. नातवाला नाचात पुढं उभा करतो म्हटलं, तवा उचलला."

"आता?"

"आता शाळेत बाईंना सांगाय चाललेय. पोरगा नाचात मागं झाड झालाय."

पूजाने डबा उघडून मागे धरला.

"घ्या ताई, एक खाऊन बघा."

रंजिताने आधी ओढणी डोक्यावर घेतली, मग एक आबा उचलले.