जिजींची अंघोळ

मंडळी, मला एक सांगा — आपल्या प्रेमाच्या माणसाला दुसऱ्या कुणी सुख दिलं, तर आपल्याला आनंद व्हायला हवा ना? मग पोटात का दुखतं? बोला! गप्प का? बरं, ऐका तर.

साताऱ्यात एक जुनं दुमजली घर. खाली थोरली सून अनसूया, वर धाकटी मृदुला. सासूबाई, म्हणजे जिजी, थोरलीकडे राहायच्या. अनसूया रोज त्यांना पाटावर बसवायची, बंबातलं पाणी बादलीत काढायची, पाठ चोळायची. आहाहा, ते बंबाचं पाणी! त्याचा धुरकट वास अजून माझ्या नाकात आहे.

तर धाकटीनं वर शॉवर बसवला — आणि जिजी वर जायला लागल्या! रोज! खांद्यावर टॉवेल टाकून! खाली आल्या की म्हणायच्या, "काय गं छान पाणी येतं!" इकडे अनसूया भाकरी थापायची — अशी थापायची, की गल्लीला ऐकू जावं!

एक दिवस त्या शॉवरचा कॉक गळायला लागला. जुनी भिंत, आत ओल उतरली. शॉक बसेल म्हणून गीझरच्या बटणाला हात लावायची भीती! जिजी परत खाली. अनसूयेचा आनंद काय विचारता! तोंडानं म्हणते कशी, "अगंबाई, बिघडला? नवाच होता की गं!"

मृदुलानं दस्तगीर प्लंबरला आणलं. तो म्हणाला, "वायसर बदलला की झालं. पण आधी पाणी बंद करायला हवं. मुख्य कॉक खालच्या न्हाणीत आहे."

न्हाणीच्या दारात अनसूया उभी! "तो गंजलाय. हलत नाही."

"मी बघतो ना, वहिनी."

"बघा! भिंतीत मोडला तर नवी लाइन तुम्ही टाकून देणार का?"

दस्तगीर घाबरला, गेला बिचारा. आणि कॉक? अहो, तिनंच तेल घालून ठेवलेला — दोन बोटांनी फिरत होता!

वर मृदुला गार पाण्यानं कुडकुडतेय, खाली अनसूया जिजींची पाठ चोळतेय. जिंकली! म्हणाली, "जिजी, शॉवरची आठवण येते का हो?"

"येते की!"

झालं! तांब्या हातातच राहिला. "माझं काय चुकलं, जिजी? इतकी वर्षं पाणी घातलं मी तुम्हाला —"

"अगं वेडे, बादली उचलताना तू कंबर धरतेस. विचारलं तर 'काही नाही' म्हणतेस. वर कुणाला बादली उचलावी लागत नाही, म्हणून जात होते. मला काय जिना चढायची हौस आहे? गुडघे बोंबलतात माझे!"

अनसूया तशीच उठली, ओल्या हातानं कॉक फिरवला आणि जिन्याशी जाऊन ओरडली, "मृदुला! दस्तगीरला बोलाव! पाणी बंद केलंय!"

मागून जिजी — "अगं, मला आधी धुऊन तर काढ! साबण डोळ्यात जातोय!"

मग मत्सर गेला का हो तिचा? छे! दुसऱ्या दिवशी वर शॉवरचा आवाज आला आणि पोटात पुन्हा कळ उठली. पण ती कळ घेऊनच जिना चढली, जिजींचा टॉवेल धरून दाराशी उभी राहिली. मत्सर जायची वाट बघत बसू नका, बायांनो. तो असू दे मनात, पाय तेवढे चांगल्याकडे वळवा!

आता खरं सांगा — ऐकताना "हे आमच्या जावेला सांगायला हवं" असं किती जणींच्या मनात आलं? थांबा, हात वर करू नका! ती शेजारीच बसलीय — आणि तिच्याही मनात तेच आलंय!