बी बाजूच्या शेवटचा आवाज

जबाब
दिनांक १३/०९/२०२५, वेळ दुपारी १२.४०

नाव इंद्रजीत सांडू हिवराळे, वय ६१ वर्षे, धंदा गिटारवादन व स्वतःच्या रेकॉर्डिंगची विक्री, रा. मुकुंदवाडी, रेल्वे स्टेशनजवळ, छत्रपती संभाजीनगर.

वरील ठिकाणी मी एकटा राहतो. सोमनाथ आप्पासाहेब काळे, वय ६३, रा. सिडको, यांनी मी त्यांच्या घरातून एक कॅसेट चोरून नेल्याचा अर्ज दिला आहे. त्याबाबत आज ठाण्यात समक्ष विचारल्यावरून, माझ्यावर कोणाचाही दबाव नसताना सांगतो की, कॅसेट मीच नेली.

मी १९८५ पासून रॉक संगीत वाजवतो. आमचा 'बासाल्ट' नावाचा बँड होता, तो १९९२ साली मोडला. १९९४ साली मी एकट्याने 'काळा दगड' हा अल्बम केला. घरच्या डबल डेक मशीनवर त्याच्या साठ प्रती काढल्या. त्या वेळी शहरात असले संगीत कोणी ऐकत नव्हते, आताही ऐकणारे बोटावर मोजण्याइतकेच आहेत. तरी मी विकतो. दुसरे काही मला येत नाही.

दिनांक ०७/०९/२०२५ रोजी रविवारी एका गिटार क्लासच्या कार्यक्रमाबाहेर मी टेबल लावले होते. टेबलावर 'काळा दगड'च्या उरलेल्या चार कॅसेट, बँडच्या जुन्या कार्यक्रमांच्या सीडी आणि पेन ड्राइव्ह होते. सकाळी साडेअकराच्या सुमारास श्रेया सोमनाथ काळे, वय २७, यांनी एक कॅसेट घेतली. वडील कॉलेजात असताना 'बासाल्ट' ऐकायचे, त्यांच्या वाढदिवसाला द्यायची आहे, असे त्या म्हणाल्या. मी खूश होऊन कव्हरवर सही केली. विक्री रीतसर झाली, ती मला मान्य आहे.

दिनांक ११/०९/२०२५ रोजी त्यांचा फोन आला. तुमचा अल्बम संपल्यावर बी बाजूला शेवटी एक बाई गाते, पप्पा सारखे तेच लावतात, ती कोण, असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, ऐकल्याशिवाय सांगता येणार नाही, आणि घराचा पत्ता विचारून घेतला. पण मला कळले होते.

ती बाई कोण, असे विचारल्यावरून सांगतो की, ती माझी आई मुक्ताबाई. ती एका शाळेत झाडलोट करायची आणि जयंतीला, लग्नाकार्याला बाबासाहेबांची गाणी म्हणायची. गाणी ती स्वतःच रचायची. पैठणपासून वैजापूरपर्यंत वस्त्यावस्त्यांतून तिला बोलावणे यायचे. तिला लिहिता येत नव्हते, म्हणून १९८८ साली मी तिची गाणी सहा कॅसेटवर भरून घेतली. कॅसेटच्या मागच्या कडेला प्लास्टिकचे दोन बारीक तुकडे असतात. ते मोडले की तिच्यावर दुसरे काही भरता येत नाही. मी सहाही कॅसेटचे तुकडे मोडले होते. पण त्या भोकावर सेलोटेप चिकटवली की पुन्हा भरता येते.

१९९४ साली माझ्या चोपन्न प्रती झाल्या आणि कोऱ्या कॅसेट संपल्या. मी आईच्या सहा कॅसेटला सेलोटेप लावली. दुसऱ्या दिवशी दुकानातून कोऱ्या आणता आल्या असत्या. पण बँडच्या मित्रांसमोर मला आईच्या गाण्याची लाज वाटायची, हे खरे कारण आहे. मी तिला विचारले नाही. तिला कळले तेव्हा ती रागावली नाही. म्हणाली, "जाऊ दे रं. मी हाय ना म्हणायला." ती २००९ साली वारली. तिचा आवाज कुठेच उरला नाही, असे मी तेव्हापासून धरून चाललो होतो. या एका कॅसेटच्या वेळी माझा अल्बम संपता संपता लाईट गेली होती. मशीन बंद पडले आणि मी कॅसेट तशीच काढून डब्यात घातली. पुढची टेप पुसली गेली की नाही, हे मी कधी तपासले नाही.

दिनांक १२/०९/२०२५ रोजी सकाळी दहाच्या सुमारास मी सोमनाथ काळे यांच्या घरी गेलो. ते घरी एकटेच होते. त्यांनी मला खुर्ची दिली, बँडच्या आठवणी काढल्या आणि कॅसेट लावली. पोराचे नाव शाळेत घालायला निघालेल्या आईचे ते गाणे आहे. टेपवर मी ते एकतीस वर्षांनी ऐकले. त्यांनी विचारले, "लई मोठा गळा आहे हो. कोण ह्या बाई?" मी म्हणालो, माहीत नाही, जुन्या टेपवर कोणीतरी असेल.

असे का सांगितले, याचे उत्तर माझ्याकडे आहे. आई म्हटले असते तर तिचे गाणे कोणी पुसले, हेही सांगावे लागले असते.

मी त्यांना म्हणालो, ही प्रत सदोष आहे, बदलून देतो. ते म्हणाले, "नाय, मला हीच पाहिजे." त्यांचे मशीन जुने आहे, टेप त्यात अडकून तुटेल, याची मला धास्ती वाटली. ते चहा टाकायला आत गेले तेव्हा मी कॅसेट काढून खिशात घातली आणि चहा न घेता निघून आलो. अशी गोष्ट मी जन्मात केली नव्हती. आज बोलावणे आल्यावर कॅसेट मी स्वतः ठाण्यात आणून हजर केली आहे.

आज ओळख पटवण्यासाठी सोमनाथ काळे यांच्याच मशीनवर दोन पंचांसमोर ती कॅसेट लावण्यात आली. काल मी पूर्ण ऐकली नव्हती. गाणे संपल्यावर थोडा वेळ काही नाही, मग आई बोलते, "झालं का रं, इंद्रजीत? ते मागचं मोडून टाक बरं. कुणी पुसाया नको." हे शब्द पंचांनी आणि सोमनाथ काळे यांनीही ऐकले. सोमनाथ काळे मला म्हणाले, "काल सांगितलं असतं तर मीच हातात दिली असती, हिवराळे." मी त्यांची माफी मागितली आहे.

कॅसेट मी विकलेली आहे, ती त्यांची आहे. ती मला परत मिळावी असे माझे म्हणणे नाही. एक प्रत काढू द्यावी, एवढी त्यांना विनंती केली, त्यांनी होकारार्थी मान हलवली.

जप्तीच्या कागदात कॅसेटचे वर्णन असे लिहिले आहे: 'कॅसेट नग एक, मागील दोन भोकांवर पिवळी पडलेली सेलोटेप, बी बाजूस शेवटी अनोळखी स्त्रीचा आवाज.' ती सेलोटेप काढून टाकावी, अशी मी विनंती केली. ती ओळखीची खूण आहे, काढता येणार नाही, असे मला सांगण्यात आले. तरी माझे म्हणणे आहे की, 'अनोळखी स्त्री' हे शब्द खोडून तिथे मुक्ताबाई सांडू हिवराळे असे लिहावे. ओळखीला तेवढे पुरे. मग सेलोटेप काढायला हरकत राहणार नाही.

माझा वरील जबाब मला मराठीत वाचून दाखवला. तो मी सांगितल्याप्रमाणे लिहिला आहे, दुरुस्ती फक्त वर सांगितलेल्या नावाची.

सही/-
(इंद्रजीत सांडू हिवराळे)