रविवारी वाळत घातलेल्या चादरी

…नको, साखर नको, तुमची ती बोस्नियाची कॉफी मला कडूच बरी लागते — आणि तू बस बघू आधी, उभ्याने ऐकायची गोष्ट नाही ही. हां. तर काल गावाची स्विस नागरिकत्वाची समिती बसली, अध्यक्ष म्हणून मी, शिवाय कारी आणि बेकरीवाला झेप — आणि तुझा अर्ज, मिर्सादा, कसं सांगू, नामंजूर नाही हं, पुढे ढकलला. दोन वर्षं. अशी बघू नकोस. याआधीही ढकलला होता, मला ठाऊक नाही का? मीच तर ढकलला. म्हणजे — समितीने.

तुझी उत्तरं चुकली असं कोण म्हणतंय? सगळी बरोबर, तिथेच तर घोळ झाला. कारीने विचारलं, फोंड्यूत चीज कुठकुठलं घालतात, तू घडाघडा सांगितलंस, वर कुणाच्या गोठ्यातलं चांगलं तेही. झेप म्हणाला, आमच्या घरी कुणाला माहीत नाही, आम्ही पाकीट फोडतो. म्हणजे बाईने पाठ केलंय. इथला माणूस पाठ करत नाही, त्याला येतच नाही. शिखरांची नावंसुद्धा तू ओळीने सांगितलीस — आता मी जन्मल्यापासून हेच डोंगर बघतेय, पण मला विचार, त्या डावीकडच्याला काय म्हणतात — जाऊ दे.

मग निघालं, बाई गावात मिसळली का? हे विचारतो कोण, तर कारी, जो कुरणाच्या कुंपणावरून सख्ख्या भावाशी बोलत नाही, मधे दोन पोप होऊन गेले. आपल्या योडेल मंडळात गायला उरलंय कोण? तू, मी आणि त्या दोघी बहिणी, त्यातला माझा श्वास पुरत नाही. ग्रामसभेला कोण येतं? तू येतेस, मत नसताना मागच्या बाकावर बसतेस, ज्यांना मत आहे ते घरी टीव्ही बघतात. उद्या तू स्विस झालीस की तूही यायची बंद होशील, ही भीती आहेच की.

शिवाय त्या चादरींची तक्रार. रविवारी मशीन लावायचं नाही हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं, आणि तू भर रविवारी चादरी धुवून वाळत घातल्यास, कारीने रस्त्यावरून पाहिल्या. चादरी माझ्या होत्या, कबूल. जिन्यात पडल्यापासून अंथरुणातून उठवत नव्हतं, तिथेच सगळं — आणि तू नाक न मुरडता काढलंस, पोटचं पोर करणार नाही असं. पण मशीन कुणी लावलं? तूच ना. मी तोंड उघडणार होते. पण काय सांगू चारचौघांत, अध्यक्षबाईंनी गादी भिजवली म्हणून? मलाही अब्रू आहे. मग म्हटलं, नियम तो नियम.

आणि घाई कसली तुला? ल्युसर्नला लेक बाळंत झाली, नातवाला सांभाळायचंय, पासपोर्ट हातात पडला की निघाले — तूच म्हणालीस ना, नाताळात, याच टेबलाशी? आत्ता गाव सोडलंस तर वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजतील, म्हणून थांबलीयस. मग थांब की. दोन वर्षांनी मी तरी कुठे असणार, तेव्हा जा खुशाल. माझा मुलगा उर्स कॅनडाचा नागरिक झाला, त्याला नाही विचारलं कुणी तिथल्या डोंगराचं नाव. फोनसुद्धा करत नाही मेला. तू रोज सकाळी वर येऊन माझं दार वाजवतेस. ते वाजायचं थांबलं तर मी मेलेय हे कुणाला कळणार गं? — म्हणून मी हात वर केला असं नाही हं. कुणाचा हात वर गेला ते बाहेर सांगायचं नसतं. दोघं विरुद्ध, एक बाजूने. झेप ऐनवेळी पाघळला, तुझ्या हातचा बुरेक खाल्लाय म्हणे त्याने… कारीचं तर ठरलेलंच होतं…

काय? मी काही बोलले नाही. कॉफी संपली माझी. उद्या तालमीला वेळेवर ये, उशीर केला की लोक लक्षात ठेवतात. हात दे जरा, जिना चढायचाय. मिर्सादा? दार उघडलंस ते ठीक, पण हात दे की.

बरं.

बरं, कठडा आहे.