खाडीच्या तरीचा मक्ता

हॅलो?… हॅलो, संपादकसाहेब?… मी दत्तोपंत, रेवदंड्याचा… हो, हो, लेखवाला. अलिबागेहून बोलतोय, वकिलांच्या घरून… अहो, तो लेख थांबवा… 'सरकारने व्यापारात हात घालू नये', तोच… उद्या नको. पुढल्या महिन्यात छापा…

का म्हणजे?… उद्या मामलेदारांपुढे माझा अर्ज आहे. अंबाजी कोळ्याची होडी बंद करावी म्हणून… अहो, खाडीवरच्या तरीचा मक्ता माझा. उतारू पलीकडे साळावला न्यायचे ते मीच. लोकल बोर्डाच्या लिलावात रोख मोजलेत… आणि हा शेजारून एका पैशात नेतोय. मी दोन घेतो… कोळणींच्या टोपलीचं तर तो काही घेतच नाही… घेतो ना मी, वेगळं घेतो. टोपली काय पोहत येते?

हसू नका… हा सरकारचा हस्तक्षेप नव्हे, ही व्यवस्था… आहे हो फरक. हस्तक्षेप म्हणजे… ते राहू द्या. मामलेदार रोज तुमचा अंक वाचतात. मक्ता बुडाला तर मी संपलो, साहेब. बायकोच्या पाटल्या मोडून दोन होड्या बांधल्यात. दोन्ही रिकाम्या उभ्या आहेत… भीती वाटते, खरंच सांगतो…

छापून झाला?… मग इकडचे अंक सगळे मला विका… गेले? दोनशे? एकट्याने घेतले?… अंबाजीने?… अहो, त्याला अक्षर वाचता येत नाही. त्याला कळलं कसं… हं. ते मीच. धक्क्यावर उभा राहून सगळा लेख वाचून दाखवला होता. टाळ्या वाजवल्या हो त्याने…

होडीत उतारूमागे एक अंक फुकट वाटणार?… आणि पहिला मामलेदारांना?… मी दुप्पट देतो. तिप्पट… तिथेच बसलाय? तुमच्यासमोर?… द्या त्याला.

अंबाजी?… अरे, नळी उलटी धरलीस. फिरव… हां. काय चालवलंयस हे?… लेख आवडला? ते बरं, पण… काय म्हणतोस?… माझ्या होड्या तू चालवणार?… भाडं निम्मं माझं?… टोपलीचं?… नाही म्हणजे नाहीच का… बरं. बरं, नको टोपलीचं…

अरे, कबूल म्हटलं ना. अंक धक्क्यावर आणू नकोस, तेवढं कर… हो, अर्ज मागे घेतो उद्या… ऐक ना, अंबाजी. उद्या तिसराच कोणी खाडीत होडी घालून अर्ध्या पैशात न्यायला लागला तर?…

हां… हां… तेच म्हणतो मी. मग अर्ज फाडत नाही. नुसतं तुझं नाव खोडतो.